वाटणीत निघालेली वाहिनी

सातमाळ टीव्ही वेगळा झाला त्या सकाळी प्रज्ञा बैसाणेला स्वतःच्याच ऑफिसच्या फाटकावर अडवलं. वॉचमन तिला चांगला ओळखत होता. तिच्या बातम्या तो केबिनमधल्या छोट्या टीव्हीवर रोज बघायचा. पण तिच्या गळ्यातलं ओळखपत्र सातमाळ उद्योगाचं होतं आणि ती आता सातमाळ उद्योगात नव्हती. "मॅडम, तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या झाल्या," तो ओशाळून म्हणाला आणि पाहुण्यांना देतात तो पास त्याने तिच्या हातात ठेवला.

सातमाळ उद्योग उभा करणाऱ्या पंडितनानांनी जळगावात आधी डाळ मिल काढली, मग पाइपचे कारखाने, आणि लोकांनी वेड्यात काढलं तरी जळगाव-धुळ्यापुरतं एक टीव्ही चॅनल. नाना थकल्यावर थोरला मुलगा नवीनभाऊ खुर्चीवर बसला. कंपनी शेअर बाजारात गेली, आणि तिथल्या जाणत्यांनी नवीनभाऊंना सांगितलं की पाइप आणि बातम्या एका गोणीत भरू नका, भाव पडतो. म्हणून एका कंपनीच्या दोन झाल्या. कागदोपत्री त्याला भारदस्त नाव होतं, पण ऑफिसात सगळे वाटणीच म्हणत.

वाटणी झाली तीही भाऊबंदकीत होते तशीच. कॅमेरे, गाड्या आणि माणसं नव्या कंपनीकडे आली. इमारत, टॉवर आणि जिथून चॅनल दोन्ही जिल्ह्यांत सुटायचं ती कंट्रोल रूम जुन्या कंपनीकडेच राहिली, भाड्याने. दुसऱ्या मजल्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. कँटीन, लिफ्ट आणि बायकांचं बाथरूम भिंतीपलीकडे गेलं. तिकडे जायचं तर रिसेप्शनवर सही करायची. प्रज्ञाने पहिल्या आठवड्यातच दुपारचं पाणी पिणं कमी केलं.

नव्या कंपनीचा प्रमुख म्हणून पुण्याहून स्वप्नील जोगळेकर आला होता. तरतरीत, गोड बोलणारा. त्याने सगळ्यांना स्टुडिओत गोळा करून सांगितलं की आता आपल्या डोक्यावर कारखान्याचं ओझं नाही, आता आपण स्वतंत्र. कॅमेरामन झुलालभाऊ मागे उभा राहून गालात हसला. प्रज्ञा हसली नाही. तिने ते खरं मानलं.

मानायला कारणही होतं. ती नवी असताना नानांच्याच डाळ मिलचा भुसा शाळेच्या वर्गांत उडतो म्हणून तिने बातमी केली होती आणि ती लागलीही होती. नानांनी तिला बोलावून सगळ्यांदेखत झापलं, आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत, आणि त्याच महिन्यात मिलच्या मागे पत्र्याची शेड घातली. मालकाच्या घरात राहून हे जमलं होतं. मग घर वेगळं झाल्यावर तर जमायलाच हवं, असा तिचा हिशेब होता.

एप्रिलच्या सुरुवातीला तिला वडखेड्याहून कमलबाईंचा फोन आला. वडखेडं धरणगावच्या अलीकडे. कमलबाई तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष. दर उन्हाळ्यात त्यांच्या गटाच्या बायका ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवलेले पापड, करून जळगावच्या दुकानांना देत. गावाबाहेर सातमाळ उद्योगाचा पाइपचा कारखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला प्लास्टिकचे जुने, फुटके पाइप जाळायला सुरुवात झाली होती, आणि वारा गावाकडे असला की छतावर काजळी पडायची.

प्रज्ञा आणि झुलालभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. कमलबाईंनी त्यांना सरळ गच्चीवर नेलं. ओल्या धोतरांवर पांढरेशुभ्र बिबडे ओळीने थापलेले होते आणि प्रत्येकावर काळे ठिपके होते. कमलबाईंनी एका बिबड्यावरून बोट फिरवलं आणि ते कॅमेऱ्यासमोर धरलं. बोट काळं झालं होतं. "बठ्ठा काया व्हयी ग्यात, ताई," एवढंच त्या म्हणाल्या. झुलालभाऊने गच्चीवरूनच कारखान्याचा धूर टिपला, खाली रस्त्यावर जाऊन पाटी टिपली. यशोदाबाई नावाच्या म्हातारीला धुराने दम लागतो, ती खाटेवर बसून बोलली. कारखान्याच्या मॅनेजरने फाटकाबाहेर येऊन सांगितलं की बोलायचं तर जळगावच्या ऑफिसशी बोला.

बातमी चांगली झाली होती. स्वप्नीलने ती दोनदा पाहिली, "छान आहे, मॅडम" म्हणाला, आणि कारखान्याची बाजू मात्र घ्यायलाच हवी म्हणाला. ते बरोबरच होतं. प्रज्ञाने सातमाळ उद्योगाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला ई-मेल पाठवला.

तो अधिकारी प्लायवूडच्या भिंतीपलीकडे बसायचा. त्याची शिंक तिला ऐकू यायची. तो फोनवर बायकोला काय भाजी आणू विचारायचा तेही ऐकू यायचं. पण तिच्या ई-मेलला उत्तर येत नव्हतं. ती पास घेऊन पलीकडे गेली तर त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं की आता दोन वेगळ्या कंपन्या असल्यामुळे त्याला असं तोंडी बोलता येणार नाही, सगळं रीतसर लेखी व्हायला हवं. ती म्हणाली, लेखीच पाठवलंय. तो म्हणाला, मग लेखीच येईल. तिने पुन्हा पाठवलं. नंतर पुन्हा पाठवलं. वडखेड्याहून कमलबाईंचे फोन येत राहिले, कधी दाखवणार म्हणून, आणि प्रज्ञा दर वेळी "या आठवड्यात, अक्का" म्हणत राहिली. शेवटी शेवटी त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं की ती फोन बराच वेळ वाजू द्यायची.

एका दुपारी ती स्वप्नीलच्या केबिनमध्ये गेली आणि उत्तर येवो न येवो, बातमी आज लावूया, नानांच्या वेळी त्यांच्या मिलचीही लागली होती, म्हणाली. स्वप्नीलने दार लावून घेतलं.

"मॅडम, हा टॉवर कोणाचा आहे?"

"त्यांचा."

"भाड्याचा करार महिन्या-महिन्याचा आहे. आपल्या निम्म्या जाहिराती त्यांच्या. तुम्ही नानांच्या वेळचं सांगता. तेव्हा तुम्ही घरातल्या होतात. घरातल्यांना झापतात, हाकलत नाहीत. आपण आता भाडेकरू आहोत."

"मग तुम्ही त्या दिवशी स्वतंत्र म्हणालात ते काय होतं?"

स्वप्नील म्हणाला, "मलाही तसंच सांगून आणलं होतं."

तो खोटं बोलत नव्हता. तिला त्याचा राग करता आला असता तर बरं वाटलं असतं, पण समोर एक घाबरलेला माणूस बसला होता.

त्या संध्याकाळी ती पंडितनानांच्या बंगल्यावर गेली. नाना व्हरांड्यात बसले होते. गुडघे गेले होते, ऐकायला कमी येत होतं, पण डोकं शाबूत होतं. तिने लॅपटॉपवर बातमी दाखवली. कमलबाईंचं काळं बोट पडद्यावर आलं तेव्हा नानांनी मान खाली घातली. मग त्यांनी नवीनभाऊंना फोन लावला आणि ऐकू येत नाही म्हणून स्पीकर चालू केला.

नवीनभाऊ अदबीने बोलत होते. टीव्हीची बातमी लावावी की लावू नये यात मी पडूच शकत नाही नाना, ती वेगळी कंपनी आहे, कायद्याने मला बोलता येत नाही, असं म्हणाले. नानांनी विचारलं, मग ते जाळणं तर तुझंच आहे ना, ते बंद कर. नवीनभाऊ म्हणाले, त्याचं प्लँटचे लोक बघतात, सगळं नियमात आहे, आणि जेवलात का?

नानांनी फोन ठेवला. "पोरी, मी सांगितलं तर तो आता मालकाचा नाही, बापाचा फोन झाला," ते म्हणाले. "बापाला जेवलात का विचारतात."

परत येताना स्कूटीवर प्रज्ञाला एकदम रडू फुटलं. आकाशवाणी चौकात तिने गाडी बाजूला घेतली, रुमालाने तोंड पुसलं. बातमी अडवायची तेव्हा टॉवर त्यांचा, आणि जाब विचारायचा तेव्हा कंपनी वेगळी. या दोन पालथ्या घड्यांवर कुठून पाणी ओतायचं हेच तिला कळेना.

अखेर बातमी लागली. पण स्वप्नीलने तिच्यातली पाटी धूसर करून घेतली, आणि प्रज्ञाच्या आवाजातलं कारखान्याचं नाव काढून तिथे 'परिसरातील एका कारखान्यामुळे' एवढं बसवलं. ते शब्दही तिलाच बोलावे लागले. नाही म्हणाली असती तर बातमी जन्मात लागणार नव्हती, आणि कमलबाईंना ती काय सांगणार होती? रेकॉर्डिंगच्या खोलीत तिने ते वाक्य एका दमात म्हटलं आणि हेडफोन काढून ठेवले.

वडखेड्यात गटाच्या सगळ्या बायका कमलबाईंच्या घरी टीव्हीसमोर बसल्या होत्या. बातमी संपल्यावर फोन आला तो ओरडण्यासाठी नव्हता. कमलबाईंचा आवाज नुसता थकलेला होता. "नाव तुमले माहीत शे, माले माहीत शे, यशोदाबाईले माहीत शे," त्या म्हणाल्या. "मंग टीव्हीलेच कसं माहीत नही, ताई?"

प्रज्ञा म्हणाली, "अक्का, रविवारी 'गावनी बात'ला फोन लावा."

'गावनी बात' हा तिचा अहिराणीतला कार्यक्रम. धुळे-जळगावची माणसं फोन करून आपापलं गाऱ्हाणं सांगत. तो थेट चालायचा. स्वप्नीलला अहिराणी कळत नसे, आणि गटार, पाणी, दिवाबत्ती यापलीकडे त्यात काही येत नाही म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नसे.

रविवारी पारोळ्याच्या एका माणसाचं रस्त्याचं गाऱ्हाणं झालं आणि कमलबाईंचा फोन लागला. त्यांनी घाई केली नाही. आधी गावाचं नाव सांगितलं, गटाचं सांगितलं, बिबड्यांचं सांगितलं. मग म्हणाल्या, "हाऊ कारखाना सातमाळना शे. तुमनाच सातमाळना."

प्रज्ञाच्या कानातल्या यंत्रात कंट्रोल रूममधून आवाज आला, लाइन तोडा. तो जुन्या कंपनीचा माणूस होता. वरून विचारल्याशिवाय अख्खं चॅनल तो बंद करू शकत नव्हता, आणि लाइनचं बटण तिच्या टेबलावर होतं. तिने हात मांडीवर ठेवले. "सांगा अक्का, आयकी राहिनू," ती म्हणाली. कमलबाई सांगत राहिल्या. कोणत्या बाजूला जाळतात, कधी जाळतात, मॅनेजरला बायका तीनदा भेटल्या तेव्हा तो काय म्हणाला, यशोदाबाईंना धरणगावच्या दवाखान्यात कसं न्यावं लागलं. झुलालभाऊ कॅमेऱ्यामागे पुतळ्यासारखा उभा होता. त्यांचं सांगून संपलं तेव्हा प्रज्ञाने सातमाळ उद्योगाचं पूर्ण नाव घेतलं, त्यांना वारंवार विचारूनही उत्तर आलं नाही असं सांगितलं आणि पुढचा फोन घेतला.

सोमवारी कार्यक्रम तांत्रिक कारणांमुळे स्थगित झाला. जनसंपर्क अधिकाऱ्याचं लेखी उत्तर त्याच दिवशी आलं, तीन ओळींचं, सगळं नियमात असल्याचं. स्वप्नीलने तिला काढलं नाही. धुळ्याच्या कार्यालयाला अनुभवी माणूस हवा होता, असं तो खिडकीकडे बघत म्हणाला. तुम्ही मूळच्या धुळ्याच्याच ना, असंही म्हणाला, जणू तिची सोयच बघितली होती. तिला वाटलं राजीनामा तोंडावर फेकावा. पण मग कॅमेरा सुटला असता, आणि दोन जिल्ह्यांत दुसरं चॅनल होतंच कुठे? तिने बदली घेतली.

वडखेड्यात जाळणं थांबलं. आठ-दहा दिवस. मग ते पहाटे सुरू झालं, अंधार असताना, म्हणजे धूर दिसू नये. बायकांनी बिबडे उशिरा, ऊन चढल्यावर घालायला सुरुवात केली. या वेळी कमलबाईंनी टीव्हीला फोन केला नाही. त्यांनी गटाच्या बायका घेतल्या आणि पहाटेच जाऊन कारखान्याच्या मागच्या फाटकाशी बसल्या. हे प्रज्ञाला झुलालभाऊकडून कळलं. तो ते टिपायला गेला होता, पण टिपलेलं कोणी लावलं नव्हतं.

धुळ्यात तिचं कार्यालय म्हणजे पाचकंदील भागात एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. तिच्या आईला, मंदाबाईंना, लेक घरी राहायला आली याचा आनंद लपवता येत नव्हता. आईने विचारलं, आता बरं आहे ना या नव्या ऑफिसात? प्रज्ञाने खरं ते सांगितलं. बरं नाही, म्हणाली. रोज सकाळी उठल्यावर आधी राग येतो, मग आंघोळ करते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने स्वप्नीलला फोन करून वडखेड्याची दुसरी बातमी मागितली. त्याने नाही म्हटलं. पुढच्या सोमवारी तिने पुन्हा मागितली. तो वैतागला, म्हणाला की मॅडम, तुम्हाला माझं उत्तर माहीत आहे.

"माहीत आहे सर," ती म्हणाली. "मी पुढच्या सोमवारीही विचारणार आहे."

खाली झेरॉक्सचं मशीन खडखडत होतं. देवपुरातली जलवाहिनी फुटल्याचं कळलं होतं, आणि नवा कॅमेरामन जिन्यात ताटकळत उभा होता. ती चॅनलचा बूम माईक घेऊन खाली उतरली.