नकाराची खूण

माझी खोली एक्स-रे विभागाच्या मागे, जिन्याखाली. दारावर पाटी आहे : ‘सिगारेट सोडण्यासाठी मदत’. वर कॅन्सरच्या ओपीडीत सिस्टरांनी पेशंटला विचारायचं, तो हो म्हणाला की त्याचं नाव माझ्या कॉम्प्युटरवर यायचं, अशी पद्धत. आठ महिन्यांत अकरा नावं आली. बाकी सगळ्यांनी मदत नाकारली म्हणे. मी खुर्ची उबवत बसायचे आणि लोकांच्या हट्टाला नावं ठेवायचे.

त्या हट्टी लोकांत माझे बाबाही होते. घशाचा कॅन्सर. हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये त्यांच्या नावापुढे ‘मदत नाकारली’ वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

“पोटची पोर याच कामाला बसलीय आणि तुम्ही नाही म्हणता?”

“अगं, मला कुणी विचारलंच नाही.”

मी त्यांना खोटारडे म्हणाले. तेव्हापासून आमचं बोलणं औषधांपुरतं उरलं. मागच्या आठवड्यात कळलं, गाठ परत आलीय.

मंगळवारी मोठ्या सिस्टरांसाठी चहा घेऊन वर गेले. नोकरीला लागले तेव्हा हाताला धरून मला शिकवलं ते त्यांनीच. डबाही आम्ही रोज एकत्र खातो. समोर एक पेशंट बसला होता. वजन, ताप, रक्तदाब झालं. “सिगारेट?” सिस्टरांनी विचारलं. त्याने मान खाली घालून हो म्हटलं. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. ‘मदत नाकारली’वर सरळ खूण केली आणि त्याला डॉक्टरांकडे पाठवलं.

“सिस्टर, हे काय?”

“अगं, ‘हवी’ केलं की आणखी तीन पानं उघडतात. किती ओढतो, कधीपासून, फोन कुठल्या वेळी करायचा. बाहेर साठ माणसं ताटकळलीयत. ‘नाकारली’ केलं की पुढे जाता येतं.”

“सगळ्यांचंच असं करता?”

“जे स्वतःहून मागतात त्यांचं नाही करत.”

“आणि माझ्या बाबांचं?”

त्या कपात बघत राहिल्या. “वाटलं, घरी तू आहेसच. त्यांना कशाला फॉर्म?”

“मी तुमच्यासमोर रडायचे, सिस्टर. डबा उघडा ठेवून. बाबा खोटं बोलले म्हणून. आणि तुम्ही माझी पाठ थोपटायचात!”

“तेव्हा सांगायला तोंड नव्हतं गं.”

फसवणूक परक्याने केली असती तर मी भांडले असते. इथे नुसता राग आला आणि भांडताही येईना. तशीच घरी निघाले.

बाबा घराच्या पायरीवर बसले होते. मला बघताच त्यांनी सवयीने सिगारेट पाठीमागे लपवली.

“बाबा, तुम्ही खरं बोलत होतात,” मी म्हणाले. “माझं चुकलं.”

त्यांनी लपवलेली सिगारेट पुढे घेऊन पायरीवर विझवली.

“सोडायला मदत हवीय का तुम्हाला?”

“हो,” ते म्हणाले. विचार करायलाही थांबले नाहीत.

मी त्यांच्या शेजारी बसले, फोनवर तो फॉर्म उघडला आणि एकेक प्रश्न विचारत गेले. तिन्ही पानं भरायला चार मिनिटं लागली.