सहाव्या भोकाची कैफियत

मी एक भोक बोलतोय. हसू नका. बोल्ट बसावा म्हणून रीतसर आटे पाडून केलेलं सभ्य भोक आहे मी. काखेत धरून बोटांनी वाजवायच्या एका दरबुक्याच्या, म्हणजे अरबी ढोलकीच्या काठावर आम्ही सहाजण बसलोय. आमच्यात बोल्ट फिरतात, बोल्ट कडी ओढतात, कडी पडदा ताणते आणि मग कुठे अलेक्झांड्रियात एखादी वरात हलते. कौतुक मात्र सगळं पडद्याचं होतं.

माझा जन्म बंदराजवळच्या एका कारखान्यात झाला. अंग ॲल्युमिनियमचं, म्हणजे स्वभावाने मऊ. त्यात बोल्ट मिळाला पोलादी. अशा जोडीत झिजायचं कुणी, हे तुम्हाला सांगायला नको.

उस्ता खमीसने आम्हाला विकत घेतलं, तेव्हा तो वरातीत वाजवणाऱ्यांचा म्होरक्या होता. त्याचा आधीचा दरबुका मातीचा, माशाच्या कातडीचा. समुद्राच्या दमट हवेत ती कातडी सैल पडायची आणि खमीस ती स्टोव्हवर शेकत बसायचा. आमचा पडदा प्लॅस्टिकचा. त्याला दमट हवाच काय, अख्खा समुद्र सैल करू शकत नाही. पण सवय जाते कुठे? रोज सकाळी खमीस टिचकी मारून बघायचा, "हवा दमट आहे" म्हणायचा आणि वाकडी किल्ली घालून आम्हाला थोडं थोडं पिळायचा.

दोन वर्षांपासून ते फारच वाढलं. रोजचं एकच रडगाणं, "आवाज बसलाय." फक्त आमचाच नव्हे हं. खमीसच्या मते मासेवाला हल्ली पुटपुटतो, ट्रामची घंटा गंजलीय आणि बायको तोंडातल्या तोंडात बोलते.

सौसनच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या लग्नाला तीन दिवस उरले आणि माझे आटे गेले. बोल्ट फिरतोय तर फिरतोच आहे. पडदा एका बाजूने सैल, थाप मारली की पत्र्यासारखी खरखर. खमीसने माझ्यात सिगारेटच्या पाकिटाची चांदी कोंबली, नळाची टेप कोंबली, शेवटी बायकोचं नखांना लावायचं पॉलिशसुद्धा ओतलं. मी आतून गुलाबी झालो, पण धरायचं नाव नाही.

"शेजाऱ्यांचा दरबुका आणा ना एक दिवस," त्याची बायको नईमा म्हणाली.

"उसन्या दरबुक्यावर माझी पोर सासरी धाडू? सगळ्या गल्लीला सांगितलंय मी!" तो ओरडला आणि आम्हाला काखोटीला मारून निघाला तो थेट गिर्गिसच्या लेथवर.

गिर्गिस त्याचा जुना दोस्त. त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला, माझ्यात डोकावला आणि विचारलं, "हे भोक आहे की मेकअपचा डबा?"

"थट्टा पुरे. आवाज रोज बसतो रे. किती पिळलं तरी बसतो."

गिर्गिसने बाकीची पाच भोकं तपासली. तीही शेवटच्या घटका मोजत होती. त्याने स्वतः एक थाप मारली आणि जरा विचारात पडला. मग चहा मागवला, खमीसला दाराकडे तोंड करून बसवलं आणि त्याच्या पाठीमागे उभा राहून स्वच्छ शब्दांत म्हणाला, "खमीस, कैरोचे वाजवणारे तुझ्यापेक्षा बरे."

मी घाबरलो. याच वाक्यावरून खमीसने एकदा सख्ख्या मेव्हण्याला जेवणावरून उठवलं होतं. पण खमीस शांतपणे चहा भुरकत होता. गिर्गिसने पुन्हा म्हटलं. खमीसने चहात साखर ढवळली.

गिर्गिस समोर येऊन बसला. "मी आत्ता काय म्हणालो?"

"कुठे काय म्हणालास?"

गिर्गिसने तोंडासमोर तोंड आणून सांगितलं. खमीस ताडकन उठला. "कुणाची हिंमत! कधी म्हणालास?"

"आत्ताच. दोनदा."

खमीस खाली बसला. मला फार वाईट वाटलं. झिजलो मी होतो, पण चूक माझी नव्हती आणि त्याचीही नव्हती.

"मग मी वरातीत वाजवू नको?" त्याने हळूच विचारलं.

"वाजव की! बोटं काय बहिरी झालीत? फक्त पिळू नकोस. सूर नईमाला विचार."

"तिला? काय सांगू तिला?"

"ते भोक मला नाही बुजवता येत, बाबा."

मला दुरुस्त करायचं म्हणजे आधी आणखी मोठं करायचं. ड्रिल घुसलं तेव्हा वाटलं, संपलं सगळं. मग गिर्गिसने रुंद आटे पाडले आणि त्यात आतून-बाहेरून आटे असलेली पोलादी बुश, म्हणजे इवलीशी नळी, पिळून बसवली. आता मी बोल्टच्या तोडीस तोड आहे. माझ्या पाच भावांचंही तेच केलं.

घरी नईमा भाजी निवडत होती. खमीस तिच्यासमोर बसला, दोनदा खाकरला, एकदा थाप मारली. "जरा ऐक गं. कसा लागतोय?"

नईमाचा हात थांबला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण हा प्रश्न तिला त्याने कधी विचारला नव्हता.

"इकडून जरा सैल आहे," ती म्हणाली. तिने किल्ली घेतली, मला अर्धा फेरा दिला, थाप ऐकली आणि किल्ली स्वतःच्या झग्याच्या खिशात टाकली. "दोन वर्षं ओरडून ओरडून घसा बसलाय माझा. म्हटलं, कधीतरी विचाराल."

मी आता मजेत आहे. तुम्हाला एवढीच विनंती, कुठलाही स्क्रू पिळण्याआधी घरातल्या माणसाला एकदा विचारा. आता गुरुवारचं, म्हणजे लग्नाच्या दिवसाचं सांगतो आणि थांबतो.

सौसन जिन्यात उभी होती. वाजंत्री खमीसच्या पहिल्या थापेची वाट बघत होते. त्याने पडद्यावर बोट ठेवलं आणि मान वर करून बायकांच्या घोळक्यात नईमाला शोधलं. तिने मान डोलावली, ओठांवर हात धरला आणि जीभ हलवत आनंदाची ती लांबलचक, धारदार किलकारी दिली. एवढ्या उंच पट्टीतला आवाज खमीसच्या कानापर्यंत आता पोचत नाही. त्याने तिचं तोंड बघितलं आणि वाजवायला सुरुवात केली.