सही कुणाची, हात कुणाचा?

"हल्लीची पोरं!" एवढे दोन शब्द तोंडातून निघाले की मास्तरांना चहा गोड लागायचा. मग साखर कमी पडलेली असली तरी चालायचं.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर रक्त तपासायची प्रयोगशाळा होती आणि तिथे मास्तर एकतीस वर्षं नोकरीला होते. शाळेचं तोंड त्यांनी शिकवायला म्हणून कधी पाहिलं नव्हतं, पण इथे आलेल्या प्रत्येकाला सुई धरायला त्यांनीच शिकवलं, म्हणून ते मास्तर. हात असा हलका, की सुई कधी गेली नि कधी बाहेर आली हे पेशंटला कळायचंसुद्धा नाही. माणूस कामाला वाघ आणि मनाने सरळ. खोड एकच होती. पंचविशीच्या आतलं कुणी समोर आलं, की त्यांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा.

"यांना सगळं झटपट हवं," ते म्हणायचे. "कष्ट नकोत, बोलणी ऐकून घेणं नको, मोठ्यांचा मान तर नकोच नको. हातातला मोबाईल काढून घ्या, दहा मिनिटांत पाण्याबाहेरच्या माशासारखे तडफडतील बघा!"

आता खरं सांगायचं तर, मंडळी, हे वाक्य आपल्यापैकी कुणी म्हटलेलं नाही? तेव्हा मास्तरांना हसायचं आपल्याला कारण नाही.

सध्या त्यांच्या तावडीत सापडली होती ती नवी. वय तेवीस, केसांची एक बट जांभळी रंगवलेली आणि हातात मोबाईल. प्रयोगशाळेत सगळे तिला नुसतं 'नवी' म्हणत, मास्तर मात्र 'मोबाईलबाई' म्हणत, तेही तिला ऐकू जाईल अशा आवाजात. ती सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होती. महिने भरत आले होते, आणि तिला कायम करायचं की नारळ द्यायचा याचा अहवाल मास्तरांनी लिहायचा होता. आधीच्या ठिकाणी तिला 'तूर्तास गरज नाही' म्हणून घरी पाठवलं होतं. इथूनही गेली असती, तर दोन ठिकाणांहून काढलेली मुलगी म्हणून तिसऱ्या दारात तिला कुणी उभं केलं नसतं. हे मास्तरांना माहीत होतं. पण त्यांनी मनाशी वाक्यही ठरवून ठेवलं होतं: 'काम संथ, लक्ष मोबाईलमध्ये. शिफारस करता येत नाही.'

संथ का, तर ऐका. रोज सकाळी बायकांच्या वॉर्डात जाऊन बारा खाटांवरच्या पेशंटचं रक्त घ्यायचं असे. एक ते सहा मास्तरांच्या, सात ते बारा नवीच्या. मास्तर आदल्या संध्याकाळची यादी समोर ठेवून, टेबलावरच सगळ्या नळ्यांना नावांच्या चिठ्ठ्या डकवून टाकत. मग वॉर्डात गेलं की खाटेचा आकडा बघायचा, नळी उचलायची, रक्त घ्यायचं, पुढे चालायचं. पंधरा मिनिटांत काम फत्ते! नवी मात्र कोऱ्या नळ्या घेऊन जायची. प्रत्येक खाटेपाशी विचारायची, "तुमचं पूर्ण नाव सांगता का?" महिनाभर तिथेच पडून असलेल्या बाईलाही विचारायची. रक्त घेतलं की तिथेच उभी राहून चिठ्ठी डकवायची. आणि वर मोबाईल काढून त्यात काहीतरी टिपटिप करायची. मास्तर खाली येऊन चहा पिऊन मोकळे झाले तरी हिच्या दोन खाटा बाकीच असायच्या.

"नावं काय विचारतेस? लग्न जमवायचंय का कुणाचं?" असं मास्तर एकदा म्हणाले, आणि सगळे हसले होते. नवीही हसली होती, पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा नावं विचारली.

प्रयोगशाळेत आणखी एक रीत होती. प्रत्येक नळीबरोबर एक फॉर्म असतो आणि नमुना ज्याने घेतला त्याने त्यावर सही करायची असते. पण बाराच्या बारा फॉर्मवर सही करायची ती सगळ्यात नव्या माणसाने, हे पूर्वापार चालत आलेलं. मास्तरांनीही उमेदवारीत असंच केलं होतं. पहिल्याच आठवड्यात नवी म्हणाली होती, "पण जे मी घेतलंच नाही, त्यावर मी सही कशी करू?"

"कायदा शिकवू नकोस," मास्तर म्हणाले होते. तिने सही केली. मग रोजच करू लागली.

तर त्या गुरुवारी काय झालं, की अकराच्या सुमाराला नवी जुनी वही घेऊन रक्तपेढीच्या डॉक्टरांपुढे उभी राहिली. या डॉक्टरांना सगळे मॅडम म्हणत.

"मॅडम, उद्या ज्या आजींचं ऑपरेशन आहे, त्यांचा आजचा रक्तगट ए आलाय. पण गेल्या वर्षी त्या इथेच दाखल होत्या, तेव्हाची नोंद बी आहे."

मॅडम ताडकन उठल्या. रक्तगट काही वर्षागणिक बदलत नाही. याचा अर्थ नळीतलं रक्त आजींचं नव्हतंच! आणि चुकीच्या गटाचं रक्त अंगात चढलं असतं, तर म्हाताऱ्या जिवाचं काय झालं असतं ते सांगायची गरज नाही.

"नमुना कुणी घेतला?" मॅडमनी फॉर्म ओढला. फॉर्मवर आजींचं नाव होतं, आणि खाली सही नवीची.

"मॅडम, ही नळी..." नवीने तोंड उघडलं.

"झालं!" मास्तर मधेच बोलले. "मी कधीपासून सांगतोय. डोळे मोबाईलमध्ये आणि सुई पेशंटमध्ये! आज ना उद्या हे होणारच होतं."

नवीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटलं.

मॅडम शांत बाई होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, आधी आजींचं रक्त तुम्ही स्वतः परत घेऊन या. आणि चार वाजता हिचा अहवाल मला द्या. त्यात काय लिहायचं ते तुम्हाला कळतंच."

मास्तर ट्रे घेऊन जिना चढू लागले. चढता चढता त्यांनी वॉर्डाच्या यादीत आजींची खाट पाहिली. खाट पाच. पाच? मास्तर जिन्यातच थबकले. पाच म्हणजे आपली रांग. पण लगेच त्यांनी मनाची समजूत घातली. एकतीस वर्षांत आपला हात चुकला नाही, तो आजच बरा चुकेल! खाली आणल्यावर हिनेच नळ्या इकडच्या तिकडे केल्या असणार.

पाच नंबरच्या खाटेवर एक चाळिशीची बाई उशीला टेकून बसली होती. आजी म्हणावं असं तिचं वय दिसत नव्हतं. आता चुकीला जागा नको, आणि नवीची चूक पुराव्यानिशी दाखवायची, म्हणून मास्तरांनी कित्येक वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

बाईने नाव सांगितलं. ते आजींचं नव्हतं.

"अहो, परत कशाला?" ती बाई म्हणाली. "सकाळी तुम्हीच तर घेतलंत. मी शिवणकाम करते म्हटल्यावर केवढ्या गप्पा मारल्यात! हल्लीच्या मुलींना सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही, असं म्हणत होतात. विसरलात?"

मास्तरांनी ट्रे खाटेच्या कडेला टेकवला. शेजारच्या सहा नंबरवरून आजींचा आवाज आला, "मी इकडे आहे रे बाबा. काल रात्रभर पंख्याचा वारा सोसेना, म्हणून सकाळी सिस्टरने आमची अदलाबदल केली. त्या फळ्यावर लिहिलंय की."

फळ्यावर लिहिलेलं होतं. खडूने, ठळक अक्षरांत. मास्तरांनी तो फळा शेवटचा कधी वाचला होता, त्यांनाही आठवलं नसतं.

आजींचं आणि त्या बाईचंही रक्त त्यांनी नाव विचारून पुन्हा घेतलं. हात हलकाच होता, पण कपाळ घामाने भिजलं होतं. वॉर्डाच्या टोकाला सिस्टरांचं टेबल होतं. सिस्टर त्यांच्याच बरोबरीने नोकरीला लागलेल्या. मास्तर तिथल्या स्टुलावर मटकन बसले आणि झालं ते सगळं सांगून मोकळे झाले.

सिस्टरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "फॉर्मवर सही कुणाची?"

"तिची."

"आणि हात कुणाचा?"

"माझा."

"मी सांगू का, मास्तर? राग मानू नका," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही नवे होतात तेव्हा रोज हातमोजे घालून वॉर्डात यायचात. त्या काळी इथे कुणी घालत नव्हतं. तेव्हाचे तुमचे साहेब भर वॉर्डात ओरडायचे, 'आजकालच्या पोरांना रक्ताचीसुद्धा किळस येते! आले बघा नवरदेव!' एकदा तुम्ही चादरींच्या खोलीत जाऊन बसला होतात, नोकरी सोडतो म्हणून. मी पाणी आणून दिलं होतं."

"आठवतंय," मास्तर पुटपुटले.

"आज हातमोज्यांशिवाय एखाद्याला सुईपाशी उभं तरी कराल का? तुमच्या साहेबांना तुमचे हातमोजे दिसले, पण ते कशासाठी आहेत हे विचारावंसं वाटलं नाही. तुम्हाला तिचा मोबाईल दिसतो. त्यात काय आहे, हे कधी विचारलंत?"

"पण सिस्टर, सगळीच पोरं काही अशी नसतात. कामचुकारही असतातच की!"

"असतात ना! आपल्या वयाचे कामचुकार नाहीत का? त्यांना आपण नावाने ओळखतो, अमका आळशी, तमका चुकार. आणि तरुणांपैकी एक चुकला की म्हणतो, 'हल्लीची पोरं'. एकाच्या चुकीची सही आपण सगळ्या पिढीकडून करून घेतो, मास्तर. आणि आज तर चूकही त्यांची नव्हती!"

मास्तर खाली आले तेव्हा नवी कोपऱ्यात रक्त तपासायच्या काचा धूत होती. रडलेली दिसत नव्हती. आपली पिशवी मात्र तिने भरून खुर्चीवर ठेवली होती.

"ती नळी माझी होती, हे तुला माहीत होतं," ते म्हणाले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते," ती पाठ न वळवता म्हणाली. "पण पुरावा मोबाईलमध्ये होता. आणि मी मोबाईल काढला की तुम्ही ऐकणं बंद करता."

"दाखव."

तिने हात पुसले आणि मोबाईल त्यांच्यापुढे धरला. मास्तरांनी चष्मा चढवला. तारखेवार नोंदी होत्या, सहा महिन्यांतल्या एकूण एक सकाळच्या. 'खाट ७, ९ वाजून १० मिनिटं, नाव स्वतः सांगितलं. उजव्या हाताची शीर सापडत नाही, डावा घ्यावा. खाट ८, ९ वाजून १४ मिनिटं. सुईला घाबरतात, आकडे मोजायला सांगितले की शांत बसतात.' आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी एकच ओळ: 'खाट १ ते ६ मास्तर. सही माझी.'

मास्तर ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. काय हे! आपण जिला बेजबाबदार, बेजबाबदार म्हणून घोकत होतो, ती आपल्या वाटणीची जबाबदारीसुद्धा रोज मुकाट्याने अंगावर घेत होती! त्यांना मनापासून लाज वाटली. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतकी कधी वाटली नव्हती.

तिने बोलायच्या आत ते मॅडमच्या खोलीत शिरले. दार उघडंच होतं, आणि त्यांनी ते मुद्दाम लावलं नाही. बाहेर सगळे ऐकत होते.

"मॅडम, चूक माझी आहे. चिठ्ठ्या मी टेबलावर डकवल्या, नाव विचारलं नाही, फळा वाचला नाही. हिने जुनी वही काढून बघितली म्हणून आजी वाचल्या. आणि मी तिच्यावर खापर फोडलं."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "हे लेखी द्यावं लागेल, मास्तर. तुमच्या नोंदीत राहील."

"देतो. राहू दे."

"आणि अहवाल?"

मास्तर टेबलाशी बसले. अहवालाच्या फॉर्मवर तीन रकाने होते. 'कामाचा दर्जा' यापुढे त्यांनी लिहिलं: 'माझ्यापेक्षा सावध.' 'शिफारस' यापुढे लिहिलं: 'ताबडतोब कायम करावे.' मधला 'उणिवा' हा रकाना तेवढा उरला. पेन थोडा वेळ हवेतच राहिलं. नवी दारात उभी राहून पाहत होती. याही वेळी काय लिहितील कुणास ठाऊक, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग मास्तरांनी सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं:

'ज्येष्ठांच्या कामावर मुकाट्याने सही करते. यापुढे तिने ती करू नये, आणि आम्ही करायला लावू नये.'

खाली त्यांनी स्वतःची सही केली आणि कागद आधी मॅडमच्या नव्हे, नवीच्या हातात दिला. तिने वाचला. सहा महिने जिने बोलणी हसून घेतली होती, तिचे डोळे आता मात्र भरून आले. तिने जाऊन पिशवीतून आपला डबा काढला आणि पुन्हा फडताळात ठेवला.

वाचकहो, तरुणांमध्ये दोष नसतात असं कुणी म्हणत नाही. पण 'हल्लीची पोरं' म्हणून आपण हात झटकतो, तेव्हा समोरचं एक माणूस आपल्याला दिसेनासं होतं आणि त्याच्याबरोबर आपली स्वतःची चूकही दिसेनाशी होते. आपल्या घरात, कचेरीत, दुकानात अशी एखादी नवी असेलच. तिच्याबद्दल मत बनवण्याआधी तिच्याशी बोला. ती काय करते आहे ते तिलाच विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्या.