हैस्सा आणि पट्टु

कात्रजच्या तळ्याचं पाणी दगडी नळांतून पुण्यात आणायचं काम नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. शहरातल्या एका गल्लीत यज्ञेश्वरपंत नावाचे पंतोजी शाळा चालवत. पाढे, मोडी आणि थोडे श्लोक एवढा त्यांचा पसारा. श्लोक म्हणताना त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असे. आखूड अक्षर लघू, लांब किंवा जोडाक्षराआधीचं गुरू, असं ते चालता-बोलता मोजत राहत.

नळ गल्लीपर्यंत येणार हे कळलं त्या दिवशी त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणाल्या, "अहो, चाळीस वर्षं जगाची अक्षरं मोजलीत. मी नदीवरून किती घागरी आणल्या, त्या मोजल्यात का कधी?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी पंतांनी शाळेतली दहा-बारा मुलं आणि नात कुसुम यांना बरोबर घेतलं, गूळ-फुटाण्यांची पिशवी बांधली आणि पर्वतीच्या पायथ्याचा रस्ता धरला.

"कुठं जायचं, आजोबा?" कुसुमनं विचारलं.

"आपल्याला पाणी देणाऱ्यांचे हात बघायला. पिण्याआधी आभार मानावेत, पिऊन झाल्यावर माणूस विसरतो; तुझ्या आजीच्या घागरी मी विसरलो तशा."

नळासाठी खणलेल्या चराजवळ पोचले तेव्हा तिथं आरडाओरडा चालला होता. लाकडी रुळांवरून सरकवताना दोर तुटून नळावरच्या झाकणाची एक मोठी शिळा चरात घसरली होती आणि तिच्याखाली तिम्मा वडाराचा पाय सापडला होता. शिळेची एक बाजू खालच्या धोंड्यावर टेकली होती म्हणून पाय अजून शाबूत होता. तिम्माची बायको नागम्मा, वडारांची हाळी देणारी, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

या कामावर दोन टोळ्या होत्या. दगड घडवणारे वडार आपसांत तेलुगू बोलत. दगड वाहणारी माणसं वारज्याची, त्यांचा म्होरक्या गेनबा. एरवी त्यांचं काम वेगवेगळं चाले. आज शिळेच्या एका अंगाला वडारांनी पहारी घातल्या होत्या, दुसऱ्या अंगाला गेनबाच्या माणसांनी.

"हैऽऽस्सा!" गेनबा ओरडला.

"पट्टु रा, पट्टु!" पलीकडून नागम्मानं वडारांना हाक दिली, म्हणजे 'धर रे, धर'.

शिळा आधी एका बाजूनं उठली, मग दुसऱ्या बाजूनं. मधल्या मधे ती डोलली आणि तिम्मा किंचाळला.

"आरं थांबा! दोन्ही अंगं एकदम उठाय पायजेत," गेनबा कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "आसं आणिक दोनदा डोललं तर पाय ऱ्हात न्हाई."

"एक, दोन, तीन मोजून उचला की!" पंत काठावरून म्हणाले.

"मोजून बघितलं, पंतोजीबाबा. आमचा हात मोजण्यानं उठत न्हाई, हाळीनं उठतो. त्यांचाबी तसाच हाय."

हाळीचं नाव निघालं आणि पंतांचा अंगठा आपोआप पेरांवर गेला. हैस्सा : गुरू, गुरू. पट्टु : गुरू, लघू. त्यांचा चेहरा उजळला. "सोपं आहे! पहिलं अक्षर दोघांचंही गुरू. दोघांनी एकदम ओरडा आणि पहिल्यावरच उचला!"

शास्त्र सांगणारा माणूस भेटला म्हणून सगळ्यांनी ऐकलं. दोन्ही हाळ्या एकदम सुटल्या. वडारांची बाजू वर आली, गेनबाची तशीच राहिली आणि शिळा आणखी बोटभर तिम्माच्या पायावर कलली.

"अय्यो!" नागम्मा कडाडली. "अक्षर नको मोजू, बाबा! आंग बघ, आंग!"

 एवढ्या मुलांसमोर पंत चुकले होते, पण त्याची त्यांना लाज वाटली नाही. ज्याचे आभार मानायला आलो त्याचाच पाय आपण मोडत होतो, या विचारानं मात्र त्यांनी मोजणारा अंगठा मुठीत धरला. 

"गेनबा, पहारीला हात न लावता एकदा हाळी दे. नुसती."

गेनबानं दिली. पंत त्याच्या खांद्याकडे बघत राहिले. 'हैऽऽ'वर खांदा खाली गेला, छातीत श्वास भरला. जोर आला तो शेवटच्या 'स्सा'वर.

"आता तू, बाई."

नागम्मानं जागेवरूनच हाक दिली. वडारांचे खांदे 'पट्'वरच उसळले, 'टु'वर नुसता श्वास सुटला.

"म्हणजे तुमचा जोर शेवटी आणि यांचा सुरुवातीला," पंत पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, "गेनबा, आधी तू सुरू कर. नागम्मा, तू थांब. त्याचा 'स्सा' येईल, त्याच्यावर तुझा 'पट्' बसव. त्याचं शेपूट, तुझं डोकं, एकावर एक. पोरांनो, टाळ्या! तीन टाळ्या 'हैऽऽ'ला, चौथी दोघांची."

"पंतोजी, जोरात वाजवायची?" एकानं विचारलं.

"चौथी अशी वाजव, की तळहात चुरचुरला पाहिजे."

पहारींना हात न लावता एकदा म्हणून पाहिलं, तर जमलं नाही. नागम्माची हाक किंचित आधी आली. "चुकले," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा दोन्ही आवाज एकाच ठिकाणी आदळले. वडार आणि वारज्याची माणसं एकमेकांकडे बघून चमकली.

"आता धरा पहारी."

तीन टाळ्या पडल्या. "हैऽऽऽ..." चौथीला "स्सा!" आणि "पट्!" एकच झाले, कोणाचं काय ते कळेना. शिळा सरळ वर आली. नागम्मानं नवऱ्याला काखेत धरून मागं ओढलं.

पाय सुजून काळानिळा झाला होता, पण बोलावून आणलेल्या हाडवैद्यानं चाचपून सांगितलं की सांधेल.

नागम्मा पंतांच्या पुढे वाकायला लागली तसे ते घाईनं मागं सरले. "अगं, मी तर आधी चुकीचं सांगितलं. तू ओरडली नसतीस तर?" मग मुलांकडे वळून म्हणाले, "नमस्कार करा हिला. आणि गेनबालाही."

"पण आजोबा, युक्ती तर तुम्हीच सांगितलीत," कुसुम म्हणाली.

"मी नुसती जोडणी केली, बाळ. शब्दाचं वजन कुठं असतं हे मी पोथीत शोधत होतो. ते यांच्या खांद्यात होतं. इतकी वर्षं शिकवतोय, पण आज कुणीतरी मला शिकवलं. आपलं नशीब थोर."

गूळ-फुटाणे वाटून झाले. तिम्माला घोंगडीत घालून पालावर न्यायचं होतं. पुढची दोन टोकं वडारांनी धरली, मागची दोन गेनबानं आणि त्याच्या भावानं. चढ आला तशी घोंगडी डुलू लागली. कुणी काही सांगितलं नाही. गेनबानं हळूच 'हैऽऽ' धरलं आणि पुढून नागम्मानं नेमक्या जागी त्याच्यावर आपली हाक ठेवली. घोंगडी स्थिर झाली. तिम्मा त्या दुखण्यातही हसला. मागून मुलं चौथी टाळी वाजवत चालली होती, आणि त्यांच्या मागून यज्ञेश्वरपंत, दोन्ही हात जोडलेले.