दोन ओळींमधली शिसपट्टी

मित्रांनो, माझ्या साध्या जीवनाचा वृत्तान्त, व त्यात घडलेला एका स्त्रीचा विजय, मी आज आपणांपुढे विनयपूर्वक निवेदन करणार आहे. कृपया शांतचित्ताने ऐकावे.

मी एक जुनी शिशाची पट्टी आहे. शिसे वितळवून मला ओतले, कापले व १९५८ साली कर्जतच्या एका छापखान्यात आणले. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, दोन ओळींमध्ये आडवे पडून राहणे हे माझे काम. माझी उंची खिळ्यांहून कमी, म्हणून मला शाई लागत नाही. कागदावर दोन ओळींत जी कोरी जागा दिसते, ती मी.

खिळे जुळविणारे अलीभाई आम्हांस मायेने पुसून ठेवीत. मालक श्रीपतशेठ मात्र आम्हांस रिकामटेकड्या म्हणत.

१९६१ साली लोधिवलीच्या बौद्धवाडीतून विठाबाई छापखान्यात आल्या. वय पन्नास, अक्षरओळख एका वर्षाची. गावच्या वाचनालयाच्या उद्घाटनाचे निवेदन आमच्याकडे छापले जात होते व सभेत ते त्या वाचणार होत्या. सरपंच येसाजीरावांची अट होती की, बाईने सभेत न अडखळता वाचले, तरच बायकांच्या साक्षरता वर्गास पंचायतीची खोली मिळेल.

निवेदन एकोणीस ओळींचे होते. यंत्राची लोखंडी चौकट ठरलेल्या उंचीची, तिच्याबाहेर तसूभरही जाता येत नाही. त्यात शेठजींनी खाली छापखान्याचे नाव ठळक टाकून भोवती वेलबुट्टी लावली होती. जागा पुरेना, म्हणून त्यांनी आम्हां साऱ्या पट्ट्यांना बाहेर काढविले. कच्ची प्रत हाती घेऊन विठाबाई बोटाने वाचू लागल्या, आणि चौथ्या ओळीवरून एकदम सहाव्या ओळीवर गेल्या.

"अली, ह्या वळी एकमेकींच्या मानंवर बसल्यात रं," त्या म्हणाल्या. "एकीखाली बोट धरलं का दुसरी झाकते. सभेत माझं हसं हुईल."

शेठजी म्हणाले, "मावशी, वाचायला डोळे लागतात, जागा नाय लागत."

"डोळे हायेत. बोटाला वाट नाय."

अलीभाईंनी आम्हां अठराजणींना एकीवर एक रचले. बरोबर तीन ओळींची उंची झाली. मग त्यांनी वेलबुट्टीसह छापखान्याचे नाव मोजले. तेही तीन ओळींचे.

"शेठ, तुमची वेल काढली का या अठराजणी बसतात."

"आणि माझ्या छापखान्याचं नाव?"

"शेवटची ओळ अर्धीच हाय. तिथं बारीक खिळ्यांत टाकतो."

"बारीक नाव कोण वाचील रं?"

"मी वाचीन," विठाबाई म्हणाल्या. "सभेत, मोठ्यानं."

शेठजींना हसू आवरेना. वेल निघाली व आम्ही आपापल्या जागी गेलो.

पुढील हकिकत विठाबाईंनीच येऊन सांगितली. त्यांनी सारे निवेदन, छापखान्याच्या बारीक नावासकट, न अडखळता वाचले. तेव्हा सरपंच म्हणाले, "पाठ केलंस गं, विठाबाई."

"पाठ कराया येळ कुठाय? माझं भात काय तुमी झोडलं?"

सभा हसली. सरपंचांनी कागदाच्या मध्यावर बोट ठेवले. "मग हितनं वाच."

मित्रांनो, ती अकरावी ओळ होती, आणि तिच्या वरची कोरी जागा माझी होती. विठाबाईंनी तेथूनच उचलले व खणखणीत आवाजात शेवट गाठला. वाडीच्या बायका उठून उभ्या राहिल्या. येसाजीरावांनी खोलीची किल्ली सभेतच विठाबाईंच्या हाती ठेवली.

पुढे खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरे जुळविणारी यंत्रे आली व आम्ही पत्र्याच्या डब्यात गेलो. परंतु त्या यंत्रांनाही दोन ओळींतील अंतर आकड्याने सांगावेच लागते, हे ऐकून माझा ऊर भरून आला. ज्यांच्या हाती तो आकडा आहे, त्यांनी नव्याने वाचू लागलेल्या माणसाची आठवण ठेवून तो ठरवावा, एवढीच माझी प्रार्थना.

पट्टीचे हे मनोगत शब्दांत मांडणारा मी, कान्हा सखा पवार, मुक्काम कर्जत, आपण शेवटच्या ओळीपर्यंत आलात याबद्दल सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानतो.