बर्फातली घोडी आणि आईचा अंगठा

टीव्हीखालच्या खणात, गुंडाळलेल्या वायरींशेजारी जो काळा, कडेला झिजलेला गेम कंट्रोलर पडलेला असतो, तो मी. मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. माझी हकीकत ऐकण्याआधी एवढं लक्षात ठेवा की मला डोळे नाहीत. पडद्यावर काय चाललं आहे ते मला दिसत नाही. मला बोटं कळतात आणि खोलीतलं बोलणं ऐकू येतं. पडद्यावर घोडा दौडू लागला की माझ्या पोटातल्या दोन छोट्या मोटरी थरथरतात, तेवढीच काय ती माझी दौड.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं एका यंत्राने माझं प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. मग मला खोक्यात बंद केलं, आणि ते खोकं उघडलं ते या घरातल्या थोरल्या मुलाने. त्याने मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्याच्या तळव्यांना घाम आला होता. ते माझे भरभराटीचे दिवस. फुटबॉल, मोटारींच्या शर्यती, लढाया, सगळं माझ्यावर चाललं. जिंकला की तो माझी पापी घ्यायचा. हरला की मला सोफ्यावर फेकायचा, आणि त्याचा नेम काही फारसा चांगला नव्हता. एकदा मी सोफा चुकवून फरशीवर पडलो. तेव्हापासून माझी डावी स्टिक, म्हणजे बोटाने फिरवायची ती गोल दांडी, आपणहून जराशी डावीकडे ओढते.

पुढे मुलगा नोकरीला लागला आणि मी धाकटीच्या हातात आलो. शाळा सुटली की ती एकच खेळ लावायची. त्यात धुळकट गावं, बंदूकवाले, लांबलचक कुरणं आणि घोडे होते. तिचा बंदुकांत जीव नव्हता. ती नुसती घोड्यावर बसून हिंडायची. माझी स्टिक डावीकडे ओढते हे तिने लवकरच ओळखलं, आणि ती अंगठ्याने मला हलकंसं उजवीकडे धरून ठेवू लागली. लंगड्या माणसाबरोबर चालताना आपण पावलं जुळवून घेतो, तसं.

या घरातली आई केस कापायची. इमारतीच्या तळमजल्यावर तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं मिळून पार्लर होतं. दोन आरसे, दोन खुर्च्या. खिडकीजवळची खुर्ची आईची. वडील ट्रक घेऊन लांबच्या फेऱ्यांवर असत, त्यामुळे घर आणि दुकान दोन्ही आईच्याच हातावर चालायचं. आणि तोच हात एके दिवशी गेला. एका गिऱ्हाइकाचे केस कापता कापता कात्री खाली पडली, मागोमाग आई. अर्धांगवायूचा झटका होता. ती वाचली, बोलणंही परत आलं. पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

व्यायाम शिकवायला एक ताई येत. त्यांनी एक रबरी चेंडू दिला आणि तो रोज दाबायला सांगितला. आईने तो दोन-तीन वेळा दाबला आणि सोफ्याच्या फटीत सरकवून दिला. मला माहीत आहे, कारण त्या फटीत मीही असायचो.

एका दुपारी आई सोफ्यावर बसली होती आणि धाकटी खेळत होती. आई एकाएकी म्हणाली, "अगं, केवढा चिखल झालाय त्या घोड्याच्या अंगाला. कुणी बघतं की नाही त्याच्याकडे?"

"बघते ना. खरारा करता येतो. हे बटण दाबून धरायचं."

"मग कर की. आयाळ बघ, नुसती जटा झालीय. मी असली मान दुकानाबाहेर सोडली नसती."

धाकटी जरा थांबली. मग तिने मला उचलून आईच्या मांडीवर ठेवलं. "तूच कर."

आईने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि अंगठा माझ्या बटणावर आणून ठेवला. मित्रांनो, माझ्यावर आजवर पुष्कळ अंगठे पडले, पण इतका गार अंगठा पहिलाच. वाळलेलं पान पडावं तेवढंही वजन त्याला नव्हतं. तो दाबायचा प्रयत्न करत होता हे फक्त मला कळत होतं. बऱ्याच वेळाने बटण अर्धवट खाली गेलं.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं. मान हलवली त्याने," धाकटी म्हणाली. खरं म्हणजे तेव्हा बटण पुरतं दाबलं गेलंच नव्हतं. पण ते मी कुणाला सांगणार?

त्या दिवसापासून माझी वाटणी झाली. डावी बाजू धाकटीच्या हातात, उजवी आईच्या. घोडा कुठं जायचा ते धाकटी ठरवायची; खरारा, गवत, पाठीवरची थाप हे आईकडे. बिस्किटाच्या रंगाचा म्हणून त्या घोड्याचं नाव बिस्किट पडलं. दिसायला बेताचा, पळायला त्याहून बेताचा. तरी आई रोज विचारायची, "आज बिस्किटला बाहेर काढायचं ना?" चेंडूला जे जमलं नाही ते बिस्किटने केलं. अंगठा बटण पुरतं दाबू लागला.

मग एका सुट्टीच्या दिवशी थोरल्या मुलाला जुन्या खेळाची हुक्की आली. आई आणि धाकटी बाहेर गेल्या होत्या. त्याने बिस्किटला चौखूर उधळवलं आणि धावत्या आगगाडीच्या आधी रूळ ओलांडायची पैज स्वतःशीच लावली. माझी स्टिक डावीकडे ओढते हे तो विसरला होता. माझ्या मोटरी एकदा जोरात थरथरल्या आणि थांबल्या. त्या खेळात मेलेला घोडा परत येत नाही.

संध्याकाळी हे कळलं तेव्हा धाकटी रडली. आई रडली नाही. तिने मला उचलून टीव्हीजवळ ठेवलं आणि म्हणाली, "खेळच तो. त्यात काय एवढं." त्यानंतर तिने मला हात लावला नाही.

त्याच आठवड्यात तिची मैत्रीण वर आली. पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "खिडकीजवळच्या खुर्चीसाठी एक मुलगी विचारत होती. हात चांगला आहे तिचा. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"म्हण की," आई म्हणाली. "खुर्ची काय शोभेला ठेवायची?"

"असं तोडून नको बोलूस गं. तू येते म्हणालीस तर मी थांबते."

मैत्रीण उत्तराशिवायच खाली गेली. थोरला मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून नवा कोरा कंट्रोलर घेऊन आला, आणि आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसला. "आई, बिस्किट माझ्यामुळे गेला. आपण दुसरा घोडा घेऊ. चांगल्यातला चांगला."

"मला नको घोडाबिडा."

"नुसतं ऐक तरी. तबेल्यात एक काळा आहे, शर्यतीचा. त्याच्याइतका वेग कुणाला नाही."

गिऱ्हाइकाला विचारावं तसं आईने विचारलं, "स्वभावाने कसा आहे?"

"बंदुकीचा आवाज झाला की बिथरतो. मालकाला पाडतो कधीकधी."

"मग काय चाटायचाय तो वेग? खुर्चीत स्वस्थ बसत नाही त्याचे केस कितीही सुंदर असोत, कात्री लागतेच."

धाकटी पुढे सरकली. "एक मोठा थोराड घोडा पण आहे. लढाईतला. तो कशालाच घाबरत नाही."

"आणि वळतो कसा?"

"वळत नाही लवकर. कपाट वळवल्यासारखं वाटतं."

"तिसरं कुणी?"

भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं असावं. मग मुलगा म्हणाला, "एक पांढरी घोडी आहे. उत्तरेला, डोंगरात, बर्फात. वेग आहे, दम आहे, धीरही आहे. पण ती विकत मिळत नाही. रानटी आहे, धरावी लागते. तिच्या पाठीवर बसलं की ती उसळते, आणि उजव्या अंगठ्याने बटण भराभर दाबत राहावं लागतं. थांबलं की पाडते."

खरं सांगायचं तर इथंच घोडं पेंड खात होतं, आणि ते तिघांनाही कळलं.

"मी दाबेन की," मुलगा घाईने म्हणाला. "घोडी तुझीच."

"मग ती तुझी झाली," आई म्हणाली. "दे इकडे."

त्याने नवा कंट्रोलर दिला. आईने बटण दाबून पाहिलं आणि परत केला. "हे फार कडक आहे रे. जुनं कुठंय?"

मित्रांनो, इतकी वर्षं घासून माझी बटणं सैल झाली होती. ती माझी खोड आहे असंच मी धरून चाललो होतो. त्या दिवशी मला नव्याच्या पुढे उचललं गेलं ते त्याच खोडीमुळे.

आम्ही उत्तरेला निघालो. धाकटी डावीकडे, आई उजवीकडे, आणि मुलगा वाट सांगायला. घोडी सापडायलाच काही दिवस गेले. बर्फात बर्फाच्या रंगाची घोडी; कितीदा तर ती समोर असून त्यांना दिसायची नाही. दिसली की धाकटी घाई करायची आणि घोडी पसार व्हायची. शेवटी आई म्हणाली, "तिच्या मागे नको लागूस. नुसतं चाल. नव्या गिऱ्हाइकाच्या मानेला एकदम हात लावतं का कुणी?"

तसं करून त्या तिच्या पाठीपर्यंत पोचल्या, आणि घोडी उसळली. आईच्या अंगठ्याने चार-सहा वेळा बटण दाबलं आणि तो लुळा पडला. घोडीने पाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडलं. तिसऱ्या वेळी पाडलं तेव्हा आईचा अंगठा माझ्यावर थरथरत होता आणि तिच्या दंडापर्यंतचा ताण मला कळत होता.

"आज पुरे," मुलगा म्हणाला.

"थांब जरा." आईने मला आडवं गुडघ्यावर टेकवलं. "मी हे ठोकतेय. ठोकायचं नाहीये." मग स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "कात्रीत एकच पातं हलतं. दुसरं नुसतं उभं असतं. हलतो तो अंगठा, आणि तोही एवढासाच."

आजारपणानंतर कात्रीचं नाव तिने घरात काढलंच नव्हतं.

"तू ती कुठं झुकते तेवढं बघ," तिने धाकटीला सांगितलं. "मी कात्री चालवते."

पुन्हा चालत जाणं, पुन्हा पाठीवर बसणं. घोडी उसळली आणि माझ्या मोटरी गरगरल्या. धाकटीने माझी स्टिक, तिच्या ओढीसकट, घोडीच्या उलट दिशेला रेटली. आणि उजवीकडे आईचा अंगठा चालू लागला. जोर नव्हता, हिसका नव्हता. बटण पुरतं वरही येऊ न देता बारीक, सारखं, कच कच कच. त्या चालीत किती वर्षांची मानेवरची, कपाळावरची, कानामागची कापणी होती ते मला ठाऊक नाही. एकदा ती चाल अडखळली. मुलाची बोटं माझ्या कडेला टेकली आणि तिथंच थांबली. चाल पुन्हा लागली. मग माझ्या मोटरी हळूहळू शांत झाल्या.

"उभी राहिली," धाकटी कुजबुजली.

आईने बटण दाबून धरलं आणि खरारा करायला घेतला. पांढऱ्या घोडीचं नाव कापूस ठेवलं.

हात पहिल्यासारखा झाला असं मी सांगणार नाही, कारण तो झाला नाही. चेंडू मात्र फटीतून निघाला आणि त्या ताई म्हणतील तितका दाबला जाऊ लागला. पुढे कधीतरी आई कठडा धरून खाली पार्लरमध्ये गेली. मी काही तिथं नव्हतो. धाकटीने येऊन भावाला सांगितलं ते मी ऐकलं. आईने खिडकीजवळच्या खुर्चीला हात लावला तेव्हा मैत्रीण दुसरं काही न बोलता स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, "टोकं काप. वाकडं झालं तर झालं, माझंच डोकं आहे."

वाकडं झालं. मैत्रिणीने ते तसंच महिनाभर मिरवलं. नवी मुलगीही आली, पण तिला मैत्रिणीची खुर्ची मिळाली, आणि मैत्रीण जी खुर्ची रिकामी असेल तिच्यामागे उभी राहून कापू लागली. आई सकाळपुरती जाते. दमते, चिडते, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.

आता माझ्याकडे कुणी फारसं येत नाही. धाकटीचा अभ्यास वाढला, नवा कंट्रोलर तिच्या हाताला बसला. खणात अंधार आहे आणि माझी बॅटरी न वापरता आतल्या आत म्हातारी होते आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांना सतत राबवलं तर आम्ही झिजतो, पण नुसतं ठेवून दिलं तर मरतो. म्हणून अधूनमधून आम्हाला चार्ज करत जा. हरलात तर आम्हाला फेकू नका. आणि एखादी वस्तू सैल झाली, जुनी झाली म्हणून टाकायला निघालात, तर आधी ती घरातल्या सगळ्यात दुबळ्या हातात एकदा देऊन बघा. कदाचित त्या हाताला तीच हवी असेल.