सास्काटूनला आपलं कोण आहे

स्टॅनीने टोरांटोवर वालाचा एक दाणा ठेवला, मिसिसागावर दुसरा ठेवला, आणि दोन्ही एकमेकांना चिकटले म्हणून नखाने जरा लांब सरकवले. जेवणाच्या टेबलावर कॅनडाचा नकाशा पसरला होता. क्लेटनने तो मुद्दाम मोठा छापून आणला होता, कारण पप्पांना मोबाईलवरचा नकाशा पटत नव्हता. बोट लागलं की देश सरकतो, अशी त्यांची तक्रार होती. उर्सुला शेजारी ताटात वाल निवडत बसली होती आणि स्टॅनी तिच्या निवडलेल्या ढिगातून एकेक दाणा उचलत होता.

"मिसिसागाला सेबॅस्टियन," तो म्हणाला. सेबॅस्टियन म्हणजे त्याचा चुलतभाऊ. "टोरांटोला त्याची मुलगी. कॅलगरीला आपल्या मामेबहिणीचा मुलगा. आणि हे बघ, कॅलगरी काही लांब नाही. एक वीत. सकाळची मिस्सा करून निघालो तर जेवायला पोचतो."

"पप्पा, विमानाने चार तास आहेत," लॅपटॉपमधून डोकं वर न काढता क्लेटन म्हणाला. "गाडीने निघालात तर मध्ये रविवार येईल."

स्टॅनीने पुन्हा एकदा वीत लावून बघितली. आगाशीच्या बाजाराच्या पलीकडे, त्यांच्या वाडीपासून विरार स्टेशनपर्यंत जायचं तरी तो रिक्षावाल्याला चार प्रश्न विचारायचा. आता एवढा मोठा देश टेबलावर आडवा पडला होता आणि तो त्यात घाबरायच्या ऐवजी नातेवाईक पेरत सुटला होता. शेवटचा दाणा व्हँकुव्हरवर गेला. तिथे जिच्या बाप्तिस्म्याला स्टॅनी धर्मपिता म्हणून उभा राहिला होता ती मुलगी नवऱ्याबरोबर राहत होती. तिला टाळून कसं चालेल?

लग्नाला चाळीस वर्षं होत होती म्हणून क्लेटनने हा घाट घातला होता. व्हिसा आला होता, सप्टेंबरची तिकिटं झाली होती. मधला प्रवास तेवढा ठरायचा होता.

उर्सुलाने हातातला वाल खाली ठेवला आणि नकाशाच्या मधोमध, जिथे एकही दाणा नव्हता तिथे बोट टेकवलं.

"इथे जायचं मला."

स्टॅनीने चष्मा पुढे ओढून वाचलं. "सास्काटून. तिथे आपलं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

"म्हणूनच."

क्लेटनला हे ठाऊक होतं. आठवडाभरापूर्वी उर्सुलाने त्याच्याजवळ बसून ते शहर लॅपटॉपवर बघितलं होतं. मधून नदी, नदीवर पूल, काठावर एक हॉटेल. खोलीच्या खिडकीतून नुसतं पाणी आणि पलीकडची झाडं. क्लेटनने तिथल्या दोन रात्री धरून ठेवल्या होत्या. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"अगं, पण ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही, अशा गावात जाऊन करायचं काय?" स्टॅनी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

उर्सुलाने पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. न समजणाऱ्या मुलावर ओरडून उपयोग नसतो हे तिला माहीत होतं.

"अहो, आपण दोघं एका खोलीत आहोत आणि दाराबाहेर आपलं कोणी नाही, असं एकदा तरी झालंय का?"

स्टॅनी आठवू लागला. लग्न झाल्यावर दोघं वेळांकणीच्या यात्रेला गेली होती, तेव्हा त्याची आई बरोबर होती आणि बहीणही होती. गोव्याला गेली ती सगळ्या पॅरिशच्या बसमधून. नाशिकला, पुण्याला, जिथे जातील तिथे कोणाच्या तरी घरी उतरायचं, आणि पाहुणे म्हणून गेलं की पद्धत ठरलेली. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेर हॉलमध्ये. मिसिसागाहून सेबॅस्टियनच्या बायकोने फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की उर्सुला माझ्याजवळ झोपेल, आपण रात्रभर गप्पा मारू. इथे घरी तर नात रोज दोघांच्या मध्ये झोपायची. उर्सुलाची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण सातासमुद्रापार जाऊन पुन्हा परक्या बाईशेजारी झोपायचं, या विचाराने तिला रडू यायचं, आणि रडू येतं याची लाज वाटायची.

"घरी असतोच की आपण," स्टॅनी म्हणाला.

"घरी सगळे असतात."

"पण दोन दिवस नुसते आपण दोघं? काय बोलणार गं आपण दोन दिवस?"

तो हसला. त्याला वाटलं, थट्टा केली. क्लेटन लॅपटॉपकडे बघत राहिला. उर्सुलाने ताट उचललं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

पुढचे दिवस ती नीट बोलली, तिने नीट वाढलं, नातीची वेणी घातली. फक्त कॅनडाचा विषय निघाला की तिला काहीतरी काम आठवायचं. स्टॅनी नकाशा गुंडाळायचा आणि पुन्हा उलगडायचा.

त्याचंही काही खोटं नव्हतं. त्याच्या बापाने एकदा आपल्या थोरल्या भावाच्या लग्नाची आमंत्रणं करताना आळीतलं एक घर चुकून सोडलं होतं. पाऊस लागला, उद्या जाऊ म्हटलं, आणि राहून गेलं. ते घर पुढे बापाच्या मयतालाही आलं नाही. चर्चमध्ये एकमेकांना शांतीची खूण करायची वेळ आली की त्या घरातली माणसं मान दुसरीकडे वळवायची. तेव्हापासून स्टॅनी एखाद्या गावात गेला की सगळी घरं केल्याशिवाय परतायचा नाही. कॅनडा मोठा होता, एवढाच काय तो फरक.

गुरुवारी दुपारी कॅथरिनचा फोन आला. कॅथरिन म्हणजे स्टॅनीची थोरली बहीण, घरात सगळ्यांची बाय. तिच्या सासरचा पुतण्या टोनी विनिपेगला होता. तिने फोनवर क्लेटनकडून कुठे किती दिवस आहेत ते सगळं काढून घेतलं आणि संध्याकाळी येते म्हणाली.

फोन ठेवला गेला तेव्हाच उर्सुला समजली. त्या दोन रात्री गेल्या. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा कॅथरिनने शाळा सोडून वाडी सांभाळली होती, म्हणून स्टॅनी कॉलेजला गेला होता. त्यानंतर बहिणीने काही सांगितलं आणि भाऊ नाही म्हणाला, असं त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. उर्सुलालाही बाय आवडायची. भांडण कोणाशी करायचं, हाच प्रश्न होता.

स्टॅनी वाडीत केळींना पाणी देत होता. खिडकीतून तिला तो दिसत होता. एकाच आळ्यात पाइप धरून उभा, आळं भरून पाणी वाटेवर आलं तरी उभाच. चप्पल भिजली तेव्हा कुठे त्याचं लक्ष गेलं. आत आल्यावर त्याने पाय पुसले आणि नकाशा टेबलावर पसरून ताटातले वाल पुन्हा जागच्या जागी ठेवले.

कॅथरिन आली ती खुर्ची ओढून थेट नकाशापाशी बसली. एकेक दाणा विचारून घेतला. सेबॅस्टियनकडे पाच रात्री, बरं. कॅलगरीला चार, बरं. व्हँकुव्हरच्या पोरीला डोहाळे लागलेत, तिच्याकडे जास्त राहा. मग तिने ताटातला एक वाल घेतला, चष्मा लावून विनिपेग शोधलं आणि त्यावर ठेवला.

"हा टोनी. तुमच्या वाटेतच आहे. दोन दिवस शिल्लक आहेत म्हणे."

उर्सुला कपात चहा ओतत होती. तिने ठरवलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. बोलून त्या दोन रात्री मिळाल्या असत्या कदाचित. पण ज्या माणसाला आपल्याशी काय बोलावं ते सुचत नाही, त्याला ओढून नदीकाठी नेऊन बसवायचं कशाला? त्यापेक्षा टोनीची बायको बरी, निदान ती गप्पा मारायला उत्सुक असेल. हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच कीव आली.

"टोनीकडे नाही जमायचं, बाय," स्टॅनी म्हणाला.

कॅथरिनने चष्म्यावरून बघितलं. "का?"

स्टॅनीने एकदा घसा साफ केला. नकाशाची वळलेली कड तळहाताने सपाट केली. ती पुन्हा वळली.

"त्या दोन दिवसांत सास्काटूनला जायचंय."

"तिथे कोण आहे?"

"उर्सुलाकडचे आहेत."

उर्सुलाने किटली खाली ठेवली. तिच्या माहेरचं कोणी गिरीज सोडून कधी कुठे गेलं नव्हतं, आणि हे त्या टेबलाशी बसलेल्या तिघांनाही माहीत होतं. पण नवऱ्याच्या बाजूची चार घरं करायची आणि बायकोच्या बाजूचं एकच आहे ते गाळायचं, असं तोंडाने म्हणायची कोणाची छाती नव्हती. कॅथरिनची तर मुळीच नव्हती. तीही कोणाच्या तरी घरी सून म्हणून जन्मभर राहिली होती.

"गिरीजचं कोण गेलंय गो तिकडे?" तिने उर्सुलाला विचारलं.

स्टॅनीचे कान लाल झाले होते. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि त्याच्याजवळचं होतं तेवढं बोलून संपलं होतं. तो उर्सुलाकडे बघत होता. पहिल्यांदाच असं झालं की बहीण समोर बसलीय आणि तो बायकोकडे बघतोय, उत्तरासाठी. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"नवराबायको आहेत, बाय."

"घरात आणखी कोण?"

"कोणी नाही. दोघंच."

"मुलंबाळं?"

"आहेत. पण तिथे नसतात."

"म्हणजे वयस्कर असतील."

"आमच्याएवढीच."

कॅथरिनने चहाचा घोट घेतला. मग भावाकडे बघितलं, त्याच्या लाल कानांकडे बघितलं आणि पुन्हा उर्सुलाकडे. घाई नव्हती तिला. क्लेटनने लॅपटॉप हळूच मिटला.

"किती वर्षांत गेला नाहीत त्यांच्याकडे?"

"लग्नापासून राहूनच गेलं," स्टॅनी म्हणाला.

"ओळखतील का तुम्हाला?"

उर्सुलाने स्टॅनीकडे बघितलं. बाहेर नात शेजारच्या मुलांशी कशावरून तरी वाद घालत होती. कॅथरिनने विनिपेगवरचा वाल उचलला आणि ताटात टाकला.

"टोनीला मी सांगते," ती म्हणाली. "पण एवढ्या वर्षांनी जाताय, तर दोन रात्रींत काय होणार? सेबॅस्टियनकडच्या दोन कमी करा."

"बाय, तो रागावेल," स्टॅनी म्हणाला.

"रागावू दे," कॅथरिन म्हणाली. "माझ्यावर रागावेल."